पाठीमागून रंगवलेला तलाव

“थांबा, आधी मला उलटं करून बघू द्या.”

रंगताई हे दिवसातून दहा वेळा तरी म्हणायच्या. विजेचं बिल आलं की म्हणायच्या, दुकानदाराने चादर उलगडून दाखवली की म्हणायच्या. शेजारणीने नातवाचा फोटो हातात दिला, तरी त्या आधी तो पालथा करायच्या, मागचा पांढरा कागद डोळे बारीक करून न्याहाळायच्या आणि मग सावकाश सुलटा करून म्हणायच्या, हं, गोड आहे हो. शेजारीण घरी जाऊन सांगायची की बाई चांगली आहे, पण डोक्याने जरा सैल आहे.

सैल मुळीच नव्हत्या. मोजणी कचेरीत एकतीस वर्षं त्यांनी नकाशे रंगवले, आणि त्या एकतीस वर्षांत त्यांच्या हातून रंगाचा एक थेंब रेघेबाहेर गेला नाही. हे मी उगाच सांगत नाही. त्या कचेरीच्या फडताळात अजून ते नकाशे आहेत, कुणीही जाऊन बघावं.

नकाशाचं काम तिथे तीन हातांतून जायचं. मोजणीदार रानात जाऊन माप घेऊन यायचा. रेखक त्या मापावरून आरपार दिसणाऱ्या कापडावर काळ्या शाईने रेघा ओढायचा. मग ते कापड रंगताईंच्या टेबलावर यायचं, आणि पालथं यायचं. शाईच्या अंगाने ओला रंग लावला तर शाई फुटते, म्हणून रंग नेहमी मागच्या अंगाने भरायचा असा त्या कामाचा रिवाज होता. टेबलावर चिनी मातीच्या बशा मांडलेल्या असत. पाण्याला निळा, शेताला फिका पिवळा, डांबरी रस्त्याला तांबडा आणि मातीच्या रस्त्याला तपकिरी. मातीचा रस्ता सगळ्यांत अवघड. दोन रेघांच्या मधली ती केसाएवढी जागा एका दमात भरावी लागते. मध्येच श्वास सोडला तर हात हलतो. रंगताई म्हणायच्या की माझं निम्मं आयुष्य श्वास रोखण्यात गेलं.

रंग वाळला की शिपाई कापड उचलून न्यायचा. सुलट्या बाजूने ते साहेब बघायचे. रंगताईंनी बघायचं काही कारणच पडायचं नाही.

त्या सगळ्या नकाशांत त्यांचा जीव एका तलावावर जडला होता. मुलुखाच्या अगदी टोकाला, दगडखाणीच्या पलीकडे तो होता. आकार माणसाच्या कानासारखा, खाली पाळीसुद्धा होती. सीमा बदलली, खाण वाढली, नवा पाट निघाला, काहीही झालं की नवा नकाशा निघे आणि रंगताई पुन्हा तो कान निळा करत. दोनशे वेळा तरी केला असेल. पण प्रत्यक्षात तो त्यांनी कधी पाहिला नव्हता. तिथे बस जात नाही, आणि खाणीचं फाटक बाहेरच्या माणसाला उघडत नाही. निवृत्त झाल्यावर त्या एकदा हट्टाने टेम्पोत बसून फाटकापर्यंत गेल्या होत्या. रखवालदाराने त्यांना सावलीत बसवलं, पाणी दिलं, आणि सांगितलं की बाई, वर्षातून एक दिवस हे फाटक उघडतं, धूळदौडीच्या दिवशी. त्या दिवशी ज्याच्या सायकलला बिल्ला असेल तो आत. बिल्ला नसेल तर माझा बाप आला तरी नाही.

धूळदौड म्हणजे आमच्याकडची सायकलची फेरी. एकशे दहा किलोमीटर, सगळी मातीच्या रस्त्याने, डांबराला चाक लावायचं नाही. आठ वर्षांपूर्वी चार हौशी माणसांनी सुरू केली, आता दोनशे जण येतात. रंगताईंना त्या दिवशी फाटकावरच कळून चुकलं की तलाव बघायचा तर सायकलवरून जाण्यावाचून दुसरा इलाज नाही. तेव्हा त्यांचं वय साठ होतं आणि सायकल सोडून त्यांना चाळीस वर्षं झाली होती.

घरात दोघीच राहत. रंगताई आणि त्यांच्या नवऱ्याची थोरली बहीण. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. रंगताई नणंदेला वन्सं म्हणायच्या, म्हणून गल्लीतली मुलंही वन्सं म्हणायची, आणि पोस्टमनसुद्धा दारातून वन्सं म्हणून हाक मारायचा. वन्सं पुढच्या खोलीत शिवणयंत्रावर बसून शाळेचे गणवेश शिवायच्या. तोंडात टाचण्या धरून बोलायची त्यांना सवय, त्यामुळे त्यांचा राग आणि त्यांची माया दोन्ही सारखीच ऐकू येत.

धूळदौडीचं कळल्यावर वन्संनी यंत्राचा पाय थांबवला. “वहिनी, तुला पाणीच बघायचं असेल तर न्हाणीघरात बादली आहे.”

“त्याला कानाची पाळी नाही ना, वन्सं.”

वन्संनी सुईत दोरा ओवला. त्यांनी पुन्हा यंत्र सुरू केलं.

गल्लीतल्या सायकलवाल्याने रंगताईंसाठी सायकल जुळवली ती तीन मेलेल्या सायकली एकत्र करून. सांगाडा एकीचा, चाकं दुसरीची, हँडल तिसरीचं. रुंद टायर घातले आणि हवा भरताना त्याने त्यांना शिकवलं की डांबरावर टणक चाक पळतं, पण मातीवर टणक चाक उडतं, तेव्हा अंगठ्याने दाबलं तर थोडं दबलं पाहिजे. खडीवर पुढचा ब्रेक जोरात धरायचा नाही. उतारावर सीटवरून जरा उठायचं, गुडघे सैल ठेवायचे, आणि दात एकमेकांवर ठेवायचे नाहीत, नाहीतर जीभ चावते. पंक्चर काढायला शिकवण्यासाठी त्याने सायकल उचलून उलटी, सीट आणि हँडलवर उभी केली. रंगताई तिच्याभोवती एक चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या, आता कशी ओळखीची वाटते. सायकलवाला हसला. त्याला ती गंमत वाटली. यात काही खोच असेल असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही, नाहीतर पुढचे दोन रविवार वाचले असते.

सराव कालव्याच्या भरावावर सुरू झाला. तिथला रस्ता सरळ, जायचा तोच यायचा. पहिल्या आठवड्यात तीन किलोमीटरवर रंगताई उतरून गवतात आडव्या झाल्या. तिसऱ्या आठवड्यात पंधरा झाले. ट्रॅक्टरने उमटवलेल्या आडव्या लाटांवरून जाताना हाताचे तळवे झिणझिणायचे आणि घरी आल्यावर कपाची दांडी धरता यायची नाही. फुफाटा नाकात, कानात, पापण्यांच्या मुळांत. वन्संनी टाचण्यांतून बडबडत सीटसाठी गादीचं आवरण शिवलं, एकात एक चार थर, कडेने दुहेरी शिलाई. पहिल्या दिवशी ते डावीकडे घसरलं, दुसऱ्या दिवशी उजवीकडे, तिसऱ्या दिवशी वन्संनी त्याला बंद लावले आणि मग ते हललं नाही. दोन महिन्यांनी रंगताई पस्तीस किलोमीटर जाऊन येऊ लागल्या. पाय तयार झाले, पाठ तयार झाली. सायकलवाला अभिमानाने गिऱ्हाइकांना सांगायचा की ही माझी साठीची घोडी.

आता एक चाचणी तेवढी राहिली होती. पहिल्यांदा येणाऱ्याने ती द्यायचीच असा नियम होता. चाळीस किलोमीटर, चार तास, एकट्याने. वाटेत तीन चौक्या, प्रत्येक चौकीवर कार्डावर शिक्का घ्यायचा. बाण लावलेले नसत, कारण दौडीच्या दिवशी बाण वाऱ्याने फिरतात आणि गुरं त्यांना अंग घासतात. हातात फक्त वाटेचा नकाशा. लागोपाठ तीन रविवार चाचणी असे आणि दर रविवारी वाट वेगळी, म्हणजे कुणी पाठ करून येऊ नये. तिन्ही रविवार हुकले, की त्या वर्षी बिल्ला नाही. आणि खाण पुढच्या वर्षी तलावाच्या बाजूला सरकणार, फाटक कायमचं बंद होणार, अशी बातमी होती. म्हणजे हेच वर्ष.

नकाशा वाचायचा होता, म्हणून सगळ्यांना वाटलं की रंगताईंना यात काय कठीण आहे. उलट इतरांवर अन्याय आहे.

पहिल्या रविवारी चाचणी जिथून सुटे त्या गोदामाच्या आवारातून त्या निघाल्या आणि अकरा वाजता कोंबड्यांच्या टेम्पोतून परत आल्या. सायकल पिंजऱ्यांवर बांधलेली होती. कार्ड कोरं होतं. काय झालं ते त्यांना सांगता येईना. नकाशात पुलानंतर विटभट्टी होती, आणि त्या गेल्या तर पुलानंतर कोंबड्यांची शेड आली. त्यांनी तिथल्या माणसाला विचारलंसुद्धा, की तुमची भट्टी कुठे गेली. तो म्हणाला, इथे भट्टी कधीच नव्हती. मग दोघांनी मिळून नकाशा बघितला आणि दोघांचं भांडण झालं.

दुसऱ्या रविवारी त्या दर वळणावर उतरल्या. कागद जमिनीवर पसरला, चार दगड ठेवले, बोटाने वाट चालून पाहिली, खात्री केली, आणि मग वळल्या. तीन वेळा त्या एकाच ओढ्याच्या काठी आल्या. तिसऱ्या वेळी ओढ्यावर कपडे धुणाऱ्या बाईने त्यांना विचारलं की काही हरवलंय का. रंगताई म्हणाल्या की हो, दोन चौक्या आणि एक देऊळ. शेवटी त्या रेल्वेच्या फाटकाशी निघाल्या, वाटेपासून सहा किलोमीटर लांब, आणि फाटकवाल्याने फोन करून कळवलं.

घरी आल्यावर त्या जेवल्या नाहीत. गावात मी कधी चुकले नाही, एवढंच म्हणत राहिल्या. ते खरं होतं. गावात त्या दुकानांवरून, माणसांवरून चालत. कागद हातात आला की जग त्यांच्याशी खोटं बोलू लागे.

सोमवारी दुपारी त्यांनी जुन्या कापडाचा एक तुकडा काढला, कालची वाट त्यावर शाईने उतरवली, कापड पालथं केलं आणि तपकिरी रंग भरायला बसल्या. हात कामात राहिला की डोकं थंड होतं, एवढाच हेतू. वन्सं समोर बसून शर्टाची बाही जोडत होत्या. त्यांनी एकदा रंगताईंच्या हाताकडे बघितलं, एकदा आपल्या हातातल्या बाहीकडे. मग तोंडातल्या सगळ्या टाचण्या काढून त्यांनी डबीत ठेवल्या. हे त्या फक्त जेवताना करत.

“वहिनी, तू एकतीस वर्षं असंच रंगवलंस? पालथं?”

“मग कसं रंगवणार?”

“मीपण उलट्या अंगानेच शिवते. पण शिवून झाल्यावर सुलटं करते. तू कधी केलंच नाहीस.”

रंगताई कुंचला हातात धरून बसून राहिल्या. बशीतला रंग कडेने वाळू लागला. मग त्यांनी कापड उचलून सुलटं केलं, पुन्हा पालथं केलं, पुन्हा सुलटं केलं. त्यांच्या मनातला सगळा मुलूख, प्रत्येक ओढा, प्रत्येक पाऊलवाट, आरशात बघावी तशी होती. डावीकडचं उजवीकडे. सुलटा नकाशा समोर आला की डोळे तो बघायचे आणि मन गुपचूप पालथा करून घ्यायचं. तलावसुद्धा. त्यांना वाटत होता तो उजवा कान, खरं तर तो डावा होता.

कारण सापडलं की रोग बरा होतो असं लोक समजतात. रंगताईंचा त्या दिवसापासून वाढला.

आधी निदान त्यांची एक ठाम चूक होती. आता मन म्हणायचं डावीकडे, की त्या म्हणायच्या, म्हणजे उजवीकडे. पण मनालाही आता सगळं ठाऊक झालं होतं. ते स्वतःच आधी उलटं करून मग सांगत नसेल कशावरून? तसं असेल तर त्याचं ऐकायला हवं. पण ऐकायचं ठरवलं हे त्याला कळलं, तर? मंगळवारी त्यांनी नळ उघडण्याऐवजी घट्ट केला. बुधवारी चपला घालताना पाच मिनिटं उभ्या राहिल्या. सायकलवाल्याने तोडगा काढला, हँडलच्या उजव्या मुठीला तांबडी फीत बांधली. म्हणाला, जिकडे फीत तिकडे उजवं, आता डोकं चालवायचंच नाही. रंगताईंनी मान हलवली, सायकल घेऊन दहा पावलं गेल्या आणि परत आल्या. त्यांना विचारायचं होतं की फीत तुमच्या उजवीकडे बांधलीय की माझ्या. तो समोर उभा राहून बांधत होता ना.

सायकलवाल्याने स्वतःचा उजवा हात वर करून बघितला. मग त्याने फीत सोडली, सायकलच्या मागे जाऊन उभा राहिला, आणि पुन्हा बांधली. ती त्याच मुठीला आली की दुसऱ्या, हे दोघांनाही नंतर आठवेना.

तिसऱ्या रविवारी वाट सोपी होती. गोदामापासून तीन किलोमीटरवर एक फाटा, आणि तिथून मोठ्या टेकडीला पूर्ण वळसा घालून पुन्हा त्याच फाट्यावर. टेकडी सतत डाव्या हाताला ठेवायची, बस. रंगताई सगळ्यांत आधी निघाल्या. फाट्यावर त्या उतरल्या. नकाशा बघितला. मन म्हणालं, टेकडी डाव्या हाताला. त्यांनी ते उलटं केलं. मग वाटलं की मनाने आधीच उलटं केलं असणार, म्हणून पुन्हा सुलटं केलं. मग फीत बघितली. फितीवर विश्वास नव्हता, म्हणून ती सोडून दिली. किती वेळा उलटसुलट झालं याची मोजदाद राहिली नाही, आणि शेवटी त्या ज्या बाजूला तोंड करून उभ्या होत्या तिकडेच निघाल्या. टेकडी त्यांच्या उजव्या हाताला आली.

एकदा टेकडी एका हाताला आली की चुकायला जागा नव्हती. पाय तर तयारच होते. खडी आली, उतार आला, गुडघे सैल, दात वेगळे. रंगताईंना त्या दिवशी फार बरं वाटत होतं. पहिली चौकी दिसली तेव्हा त्यांना रडू आलं. चौकीवरच्या माणसाने मात्र अजून छत्री उघडली नव्हती. तो डबा खात होता. एवढ्या लवकर कुणी येईल असं त्याला वाटलं नव्हतं, कारण त्याची चौकी तिसरी होती. त्याने घाईने हात पुसून शिक्का मारला आणि दोनदा घड्याळ बघितलं. त्याच्या हिशेबाने या बाईंनी तीस किलोमीटर पाऊण तासात मारले होते.

टेकडीच्या पलीकडच्या अंगाला समोरून सायकली येताना दिसल्या. एकामागोमाग सहा जण होते, तरणीताठी माणसं, धुळीने पांढरी झालेली. रंगताईंना त्यांची फार दया आली. बिचारे सगळेच्या सगळे चुकले. त्या उतरल्या, हात आडवा केला आणि प्रेमाने सांगितलं की बाळांनो, उलटे आलात तुम्ही. होतं असं, माझंही दोन रविवार झालं. एवढ्या खात्रीने सांगितल्यावर कुणालाही आपलंच चुकलं असं वाटेल. सहाही जण थांबले, नकाशे काढले, आपापसांत बोलू लागले. त्यांतला एक जण तर वळून रंगताईंच्या मागे निघालाही. अर्धा किलोमीटर गेल्यावर मागून बाकीच्यांनी हाका मारून त्याला परत नेलं. तो जाताना रंगताईंकडे अशा नजरेने बघत गेला, की यांचंच खरं असेल तर काय.

तिथे पहिल्यांदा रंगताईंच्या मनात शंका आली. पण दुसरी चौकी समोर होती, माणूस शिक्का घेऊन उभा होता, आणि परत फिरावं तर परत म्हणजे कुठे हेच नक्की नव्हतं. त्या पुढे गेल्या.

शेवटच्या दोन किलोमीटरवर मागच्या चाकात काटा गेला. पंक्चर काढायला लागणारा वेळ आणि चालायला लागणारा वेळ यांचा त्यांनी विचार केला आणि सायकल ढकलत चालू लागल्या. आवाराच्या दारात पोहोचल्या तेव्हा चार तासांना सात मिनिटं कमी होती.

दारापाशी टेबल मांडून कवायत मास्तर बसले होते. शाळेत तीस वर्षं कवायत घेतलेले, दौडीचे प्रमुख. शेजारी औषधवाली बाई, म्हणजे दुकान चालवणारी, खरचटल्या गुडघ्यांवर पट्ट्या बांधायला आलेली. आणि पाण्याची बाटली घेऊन वन्सं, सकाळपासून एका खोक्यावर बसलेल्या. सहा जण परत आलेले होते आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं होतं.

मास्तरांनी कार्ड घेतलं. तिसऱ्या चौकीच्या शिक्क्यावर सकाळची सर्वांत लवकरची वेळ होती आणि पहिलीच्या शिक्क्यावर सर्वांत उशिराची. त्यांनी नियमांचा कागद काढून वाचला. तीन चौक्यांचे शिक्के, चार तासांच्या आत, असं लिहिलं होतं. कुठल्या क्रमाने हे लिहिलं नव्हतं, कारण दुसरा एखादा क्रम असू शकतो हे लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल. पण खाली आणखी एक ओळ होती. वाट चुकणाऱ्यास बिल्ला मिळणार नाही.

औषधवाली म्हणाली की मुद्दाम उलट्या बाजूने गेल्या असतील तर चुकल्या असं म्हणता येणार नाही. म्हणता म्हणता तिने रंगताईंकडे बघून डोळे मोठे केले. वन्संना अचानक खोकला लागला. दोघी काय सांगताहेत हे आवारातल्या कुत्र्यालाही कळलं असतं. एक हो म्हणायचा अवकाश होता.

मास्तरांनी विचारलं, “बाई, खरं सांगा. मुद्दाम गेलात की चुकून?”

रंगताईंनी सायकल दाराला टेकवली. तोंडावर धूळ होती आणि धुळीत घामाचे ओघळ.

“मास्तर, मी फाट्यावर इतक्या वेळा उलटसुलट केलं, की शेवटचं उलटं होतं की सुलटं तेच आठवत नाही. मुद्दाम म्हणाले तर खोटं होईल. चुकून म्हणाले तर तेही खोटंच होईल, कारण मी फार विचार करून गेले. मलाच ठरवता येत नाही. तुम्हाला येत असेल तर तुम्ही ठरवा.”

वन्संचा खोकला थांबला. त्यांनी कपाळाला हात लावला.

मास्तर गोंधळले. त्यांनी पुन्हा कागद वाचला, कार्ड उलटं करून बघितलं, पुन्हा सुलटं केलं. मग त्यांनी विचारलं की हे उलटसुलट काय प्रकरण आहे. तेव्हा वन्संनी खोक्यावरून उठून नकाशाचं, शाईचं, पालथ्या कापडाचं सगळं सांगितलं. टाचण्या तोंडात नव्हत्या, म्हणून पहिल्यांदाच लोकांना त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू आला. वहिनीच्या हातून एकतीस वर्षांत एक थेंब बाहेर गेला नाही, हेही त्यांनी सांगितलं, कुणी विचारलं नसताना.

मास्तर ऐकत राहिले. ऐकताना त्यांचा एक हात आपोआप वर आला, मग दुसरा. ते म्हणाले की मी पोरांच्या समोर तोंड करून उभा राहायचो. मी डावं म्हटलं की त्यांचा जो पाय उठायचा तो माझ्या उजवीकडे. तीस वर्षं मी तोंडाने एक म्हणायचो आणि डोळ्यांनी दुसरंच बघायचो. घरी गेल्यावर जिन्यावर कुठला पाय आधी टाकायचा हे मलाही कधी कधी कळत नाही, हे मी आजवर कुणाला बोललो नाही.

आवारात बारा माणसं होती आणि त्यांतली दोनतीन तरी आपापले हात निरखत होती.

“जिला स्वतःला ठरवता येत नाही, ती चुकली असं मी कुठल्या तोंडाने लिहू,” मास्तर शेवटी म्हणाले. त्यांनी खोक्यातून बिल्ला काढला. पांढरा चौकोन, त्यावर एकशे सात. फक्त एक अट घातली. दौडीच्या दिवशी दोनशे माणसं एका बाजूने जाणार, तेव्हा कुणाच्या तरी मागे राहायचं, पुढचं चाक नजरेआड होऊ द्यायचं नाही.

रंगताई म्हणाल्या की तलावापर्यंत त्या बैलगाडीच्या मागेही जायला तयार आहेत.

त्यांनी बिल्ला हँडलला बांधला, गाठ मारली, ओढून बघितली, आणखी एक गाठ मारली. औषधवालीने सायकल टेम्पोत टाकून घरी सोडते म्हटलं, पण त्या नको म्हणाल्या. पंक्चर चाक खडखडत होतं. वन्सं म्हणाल्या, हो पुढे, मी खोकं परत करून येतेच.

आवाराच्या दारातून दोन रस्ते निघतात. एक सरळ गावात जातो, दहा मिनिटांचा. दुसरा गोदामाच्या मागून, कालव्यावरून फिरून जातो. रंगताई दारात थांबल्या. सायकल धरून उभ्या राहिल्या. एकदा मान इकडे केली, एकदा तिकडे. मग कालव्याच्या रस्त्याला लागल्या.

मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. हाक मारायला त्यांनी छाती भरून श्वासही घेतला होता. वन्संनी त्यांच्या बाहीला धरलं.

“असू द्या. तोही घरीच येतो. अर्धा तास जास्त.”

“पण चुकून गेल्या की मुद्दाम?” मास्तरांनी विचारलं.

वन्सं म्हणाल्या की मला काय माहीत, आणि खोकं खाली ठेवून त्यावर पुन्हा बसल्या. कालव्याचा भराव उंच आहे, त्यावरचं माणूस लांबून दिसतं. रंगताई सायकल ढकलत सावकाश चालल्या होत्या, मध्येच थांबून पाण्याकडे बघत होत्या, पुन्हा चालत होत्या. हँडलवरचा पांढरा चौकोन उन्हात मधूनमधून चमकत होता. वन्सं, मास्तर आणि पट्टी कापायची विसरलेली औषधवाली, तिघं तिकडेच बघत होती, भराव वळून झाडांत शिरेपर्यंत.